पातेल्यांवरच्या चिठ्ठ्या

३ नोव्हेंबर

धाकटे,

फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र. मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील आणि 'सौभाग्यवती' लिहिलं तर भाऊजी हसतील. म्हणून नुसतंच धाकटे. या घरात आलीस तेव्हापासून हेच म्हणत आले आहे, आणि रुसवाफुगवा असला तरी थोरली जाऊ मीच आहे.

कामाचं बोलते. वीस तारखेला सकाळी अकरा वाजता अन्न खात्याच्या तपासणीच्या बाईंपुढे आपली सुनावणी आहे. तुलाही नोटीस आली असेल. सोबत एक कागद पाठवते. यांनी वकिलाकडून लिहून घेतला आहे. त्यात इतकंच आहे की सत्तावीस ऑक्टोबरच्या संध्याकाळी स्टॉकच्या, म्हणजे सूपच्या मूळ रश्श्याच्या, पातेल्यांवर चिठ्ठ्या लावताना तुझ्याकडून नजरचुकीने अदलाबदल झाली, आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी चिकनच्या सूपमध्ये कोळंबीचा स्टॉक गेला. खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. नजरचूक म्हटली की समज देऊन सोडतात, असं वकील म्हणतो. दुकानाचं सील निघेल. माझ्या शेगड्या पुन्हा पेटतील.

आता तू म्हणशील, आणि माझं काय? इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या तुझ्या नोकरीचं मला ठाऊक आहे. रुग्णांच्या पथ्याच्या जेवणावर देखरेख, पांढरा कोट, आठवड्याची सुट्टी. सुनावणीचा निकाल बघूनच ते तुला रुजू करून घेणार, हेही भाऊजींनी यांना फोनवर सांगितलं. सही केलीस तर कदाचित ती हातची जाईल. पण नोकऱ्या छप्पन्न मिळतात, धाकटे. नऊ वर्षं उभं केलेलं दुकान एकदा गेलं की गेलं.

ते सूप बाधलेले आपले घड्याळवाले बरे आहेत. त्यांची काळजी करू नकोस.

कागदावर पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही कर.

तुझी थोरली जाऊ


६ नोव्हेंबर

धाकटे,

कागद परत आला. सही नाही, सोबत दोन ओळी नाहीत. माझ्या पेन्सिलीची फुली मात्र खोडून पाठवलीस. एवढा वेळ होता तर चार शब्द लिहायला काय झालं होतं?

ठीक आहे. मग मी बोलते आणि तू ऐक.

दुकानात सहा पातेली. व्हिएतनामचा चिकनचा फो, थायलंडचं तोम याम, जपानी मिसो, मलेशियाचा लाक्सा, कोरियाचं समुद्रशेवाळाचं सूप आणि चिनी आंबट-तिखट. यातलं एक तरी नाव तुला लग्नाआधी माहीत होतं का? फोसाठी आलं आणि कांदा जाळावर काळा होईतो भाजायचा, हे तुला कोणी शिकवलं? मिसो कधी उकळायचं नाही, गॅस बंद करून मगच घोळायचं, हे कोणी शिकवलं? कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण तुझ्यासाठीच केली असावी.

तू आलीस आणि कार्डं लिहायला बसलीस. प्रत्येक सूपखाली त्यात काय काय आहे आणि त्याचा गुण काय. मी सांगितलं होतं, तोम यामखाली लिही, 'सर्दी, खोकला, सांधेदुखी, सर्व विकारांवर रामबाण'. तू लिहिलंस, 'गवती चहा आणि गलंगल हे थाई आलं यांमुळे घशाला ऊब मिळते असं मानतात.' मानतात! असं लिहिल्यावर गिऱ्हाईक उभं तरी राहील का? मिसोखाली तर कहर केलास. 'आंबवलेल्या सोयाबीनमुळे पचायला हलकं, पण मीठ भरपूर, रक्तदाब असेल त्यांनी जपून.' आपल्याच दुकानात आपलंच सूप पिऊ नका म्हणून पाटी. आणि गंमत म्हणजे रक्तदाबवाले तुझ्यावरच जास्त विश्वास ठेवायला लागले. मला विचारेनात, तुलाच विचारत.

कार्डं झाली, मग स्टॉकच्या पातेल्यांवर चिठ्ठ्या आल्या. चिकन. कोळंबी. शेवाळ-मशरूम. ठळक अक्षरात, वर चिकटपट्टी. माझ्या स्वयंपाकघरात माझी पातेली मला वाचून ओळखायची. मी तेव्हाही तुला म्हटलं होतं, ही कसली थेरं. तू म्हणालीस, "राहू द्या ना जाऊबाई, तुमचं काय जातं?" आता दिसलं ना काय जातं ते.

दोन्ही स्टॉक गाळले की फिकट पिवळे. आपण कोळंबीची टरफलं परतत नाही, त्यामुळे रंगाने काही कळत नाही. चिठ्ठीवर 'चिकन' होतं, मी ते फोमध्ये ओतलं. तपासणीच्या बाईंना मी हेच सांगितलं आहे आणि हेच सांगणार.

घड्याळवाल्यांबद्दल मी बरे आहेत लिहिलं, ते बरे म्हणजे जिवंत आहेत. तीन दिवस श्वासाच्या नळीवर होते. मग छातीत कफ झाला. अजून इस्पितळातच आहेत. तुला त्रास नको म्हणून लिहिलं नव्हतं.

सही करून पाठव.

थोरली


१० नोव्हेंबर

धाकटे,

तुझं काही नाही. बरं.

काल घड्याळवाल्यांना भेटायला गेले. हे नको म्हणत होते, वकीलही नको म्हणाला. पण माणूस नऊ वर्षं दर मंगळवारी खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसून आपल्या हातचं खातो, आणि आपण बघायलाही जायचं नाही?

पहिल्याच दिवशी त्यांनी काय सांगितलं होतं, आठवतं? "बाई, कोळंबी माझ्या वाऱ्यालाही उभी करू नका." आपण दोघींनी मान डोलावली होती. तेव्हापासून फोची पळी वेगळी, गाळणी वेगळी, फडकंसुद्धा वेगळं. या नियमात आपण कधी चुकलो नाही. त्या मंगळवारी तू नव्हतीस, म्हणून काय घडलं ते तुला कोणी सांगितलं नसेल. त्यांनी चार चमचे घेतले. पाचव्याला चमचा खाली ठेवला आणि गळ्याला हात लावला. मला वाटलं हाड लागलं. मी पाणी नेलं. तोवर ओठ सुजले होते आणि श्वास घेताना शिटी वाजत होती. त्याच पातेल्यातलं आणखी तिघांनी खाल्लं होतं. त्यातला एक जण दारातून जाताना म्हणाला होता, "आज काहीतरी वेगळंच जमलंय, झकास."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांच्या मुलीने मला दारातच अडवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "पाच मिनिटं. त्यांना बोलायला लावू नका." नळीने घसा सोलवटला आहे, म्हणून ते वहीत लिहितात. हात थरथरतो. घड्याळवाल्याचा हात, धाकटे. मी क्षमा मागितली. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'वास कसा नाही आला तुम्हाला?'

मी म्हटलं, गडबड होती. त्यांनी परत त्याच ओळीवर बोट ठेवलं. मी पाच मिनिटं व्हायच्या आतच उठले.

आता एक सांगते, ते वकिलाला माहीत नाही. चिठ्ठीवर 'चिकन' होतं असं मी म्हटलं, ते तितकंसं बरोबर नाही. त्या पातेल्यावर चिठ्ठी नव्हतीच. वाफेने सुटून पडली असेल. वाफेने चिकटपट्टी सुटते, तूच म्हणायचीस. म्हणजे तुझी चूक नाही असं नाही, चिकटपट्टी चांगली आणायला हवी होती. पण अदलाबदल झाली नाही. हे मी तुला लिहिते आहे, अजून तिकडे सांगितलेलं नाही.

दहा दिवस राहिले.

थोरली


१४ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. अखेर. पाकीट घाईने फोडलं आणि आत एक ओळ. 'चिठ्ठ्या मी कधीपासून लावायला लागले ते आठवून बघा, जाऊबाई.'

पहिल्यांदा रागच आला. मग पलंगावर बसून आठवत राहिले. जानेवारीत मला तो ताप आला होता, नऊ दिवस. ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी शेगडीशी आले. फोसाठी आलं भाजायला ठेवलं आणि समोरच उभी होते. समोर उभी, आणि आल्याचा कोळसा झाला. तू मागून धावत आलीस, गॅस बंद केलास, माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यांवर चिठ्ठ्या होत्या.

म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं.

मला वास येत नाही. घे, लिहिलं. ताप गेला आणि जाताना तेवढं घेऊन गेला. मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळं गरम पाणी. बडीशेप नाही, दालचिनी नाही, फिश सॉसची बाटली नाकाशी धरली तरी काही नाही. सकाळी साबण नाही. माझ्या स्वतःच्या पदराला कसला वास येतो ते मला दहा महिने ठाऊक नाही. डॉक्टरकडे गेले नाही, कारण डॉक्टरने सांगितलं असतं आणि मग ते खरं झालं असतं. यांना सांगितलं नाही. अख्खा रस्ता म्हणतो, बाईंच्या हाताला चव आहे. ज्या बाईला नाकच नाही तिने त्यावर काय म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मापं धरून करायला लागले. वाटीने, चमच्याने, घड्याळाने. आणि नाकाने कांदे सोलत राहिले.

मला वाटत होतं, तू मला कमी लेखतेस म्हणून चिठ्ठ्या लावतेस. तू मला झाकत होतीस.

आता उरलेलंही लिहिते, नाहीतर परत हिंमत होणार नाही. चिठ्ठी वाफेने पडली नाही. त्या मंगळवारी सकाळी तू इस्पितळात मुलाखतीला गेलीस. आदल्या संध्याकाळी तू मला सांगितलंस तेव्हा मी "जा की" म्हटलं. हसून म्हटलं. रात्रभर मनात घोळत राहिलं की ही आता सुटणार. मी राहणार त्या सहा पातेल्यांसोबत. सकाळी दुकान उघडलं आणि तुझी ती ठळक अक्षरं रांगेने माझ्याकडे बघत होती. मी एकेक चिठ्ठी उचकटली. सगळ्या. चुरगाळून केराच्या डब्यात टाकल्या. म्हटलं, हिच्याशिवाय माझं अडतं की काय.

पाच मिनिटांनी मी दोन पिवळ्या पातेल्यांसमोर उभी होते आणि कुठलं कोणतं ते मला कळत नव्हतं. कोणालाही बोलावून विचारता आलं असतं. भाजीवाली दारातच होती. पण काय विचारणार? 'जरा वास घेऊन सांग गं'? मी डावीकडचं उचललं. चिकन नेहमी डावीकडे असतं, असं मनाशी म्हटलं. आदल्या दिवशी मीच ओटा धुतला होता आणि मीच पातेली परत ठेवली होती.

आणि त्यानंतर तपासणीच्या बाईंनी विचारल्यावर, तोंडातून पहिलं नाव तुझं निघालं. ठरवून नव्हे, असं लिहिणार होते. पण ठरवूनच.

थोरली


१७ नोव्हेंबर

धाकटे,

काल यांना सगळं सांगितलं. तुला काय वाटतं काय म्हणाले असतील? हसले. म्हणाले, "तुला वास येत नाही? परवाच तर म्हणालीस, शेजारी गॅस गळतोय." मी म्हटलं, शेजारीण खिडकी उघडत होती ते बघून म्हणाले होते. तर म्हणाले, "धाकटीला वाचवायला हे नाटक आहे. ती घरातली आहे, तुझा जीव तुटतो, मी समजू शकतो. पण असलं काही तिथे बोललीस तर निष्काळजीपणा तुझ्यावर येईल, परवाना जाईल, आणि त्या माणसाच्या मुलीने तक्रार केली तर पोलीस घरी येतील." मग जेवायला बसले. धाकटे, मी इतकं छान सोंग वठवलं आहे की घरचा माणूसही खऱ्यावर विश्वास ठेवेना.

वकील आला होता. तो म्हणतो, धाकटी काही सिद्ध करू शकत नाही. चिठ्ठ्या कोणी पाहिल्या? कचरा त्याच दिवशी गेला. मी गप्प राहिले तर आपण सुटतो. हे तो माझ्यासमोर चहात बिस्किट बुडवत म्हणाला.

तिथे मी खरं बोलेनच, असं तुला वचन देत नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. त्या खोलीत चार माणसं बसतील, हे माझ्याकडे बघतील, आणि माझी जीभ टाळूला चिकटेल. म्हणून हे पत्र. मागच्या पत्रात मी कबूल केलेलं आहेच, इथे परत लिहिते: चिठ्ठ्या मी काढल्या, स्टॉक मी ओतला, धाकटीचा यात काही दोष नाही. पत्राच्या पाठीमागे माझी पूर्ण सही केली आहे, परवान्यावर आहे तशी. ही दोन्ही पत्रं पर्समध्ये घेऊन ये. मी बोलले नाही तर बाईंच्या टेबलावर ठेव. माझ्याकडे बघू नकोस, नुसती ठेव.

भीती वाटते. तुला लिहायला लाज नाही वाटत आता, भीती मात्र वाटते.

थोरली


२१ नोव्हेंबर

धाकटे,

काल तू माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेलीस, म्हणून हे लिहिते आहे. झालं ते तुझ्यासमोर झालं, पण तू जिथे उभी होतीस तिथून आणि मी बसले होते तिथून ते सारखं दिसलं नसणार.

बाईंनी माझी आधीची जबानी वाचून दाखवली आणि विचारलं, "हे बरोबर?" हे माझ्याकडे बघत होते. तू भिंतीशी उभी होतीस, पर्सच्या चेनवर हात. मला वाटलं आता काढेल. तू काढलं नाहीस. तू वाट बघत होतीस. मग मी म्हटलं, बरोबर नाही, आणि सांगत गेले. आवाज कोणा दुसरीचाच वाटत होता.

आणि बाईंचा विश्वास बसेना. दहा महिने नाकाशिवाय सहा पातेली, आणि कोणाला पत्ता नाही? वकिलाने लगेच सुतावरून स्वर्ग गाठला. "मॅडम, घरातलं नातं आहे, भावनेच्या भरात बोलतायत. परीक्षा घ्या ना." यांनीही मान डोलावली, इतकी त्यांना खात्री. त्या दिवशी जप्त केलेले दोन नमुने बाईंच्या कचेरीत फ्रीझरमध्ये गोठवलेले होतेच. शिपायाने गरम करून दोन वाट्या आणल्या. बाई म्हणाल्या, चव घ्यायची नाही, वासावरून सांगा, चिकनची कोणती?

आता खरं लिहिते. मी हे सगळं आपणहून कबूल केलं होतं. चुकले तरच माझं बोलणं खरं ठरणार होतं आणि तू सुटणार होतीस. आणि तरीही, वाफ तोंडावर आली त्या क्षणी मला बरोबर सांगायचं होतं. यांच्यासमोर, त्या वकिलासमोर. एकदाच.

म्हणून मी तुझ्याकडे बघितलं. तुला कळलंच असेल. दहा महिने मी तशीच तर शिजवत होते. मापं वगैरे ठीक आहे, पण शेवटी चमचा तुझ्या हातात द्यायचे आणि तुझा चेहरा वाचायचे. मीठ कमी असलं की तू डावा डोळा बारीक करतेस. लिंबू जास्त झालं की खालचा ओठ आत घेतेस. आणि कोळंबीच्या वाफेने तुझं नाक आक्रसतं, तुला नको असलं तरी. वाट्या तुझ्यापासून दोन हातांवर होत्या. तू नुसतं नाक मुरडलं असतंस तरी माझी अब्रू राहिली असती आणि तुझी नोकरी गेली असती.

तू मान वळवलीस आणि खिडकीबाहेर बघत राहिलीस.

मी डावीकडची वाटी उचलली आणि म्हटलं, ही चिकनची. मी सोंग करत नव्हते हे बाईंना दिसलं असावं, त्या लिहीत राहिल्या. शिपायालाही वास आला असावा, कारण तो खाली बघायला लागला. मग यांनी हात पुढे करून माझ्या हातातली वाटी घेतली, हुंगली, आणि खाली ठेवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

तुझं नाव कागदातून निघालं, बाईंनी माझ्यादेखत तसं लिहिलं. सोमवारी तू रुजू होशील, भाऊजींनी कळवलं. माझा परवाना वर्षभर स्थगित. घड्याळवाल्यांच्या मुलीने अजून तक्रारीचं ठरवलेलं नाही. मी परवा पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडे, त्यांनी वहीत विचारलेल्याचं उत्तर द्यायला. पुढे जे होईल ते होईल.

तू ये असं मी म्हणणार नाही. माफ कर असंही आज म्हणत नाही, तेवढं माझं तोंड अजून मोठं नाही.

एकच विचारायचं आहे आणि ते दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. आज सकाळी सामान काढायला दुकान उघडून दिलं होतं. तुझ्या कार्डांच्या टेबलाचा खण ओढला. कार्डं, पेनं, आणि त्यांच्या मागे फिश सॉसची लहान बाटली, मिरपूड, अर्धा संपलेला मिसोचा डबा आणि लांब दांड्याचा चमचा. कार्डं लिहायला फिश सॉस कशाला लागतो, धाकटे?

ते दहा महिने लोक येत राहिले, वाट्या चाटूनपुसून ठेवत राहिले आणि जाताना बाईंच्या हाताला चव आहे म्हणत राहिले. ती माझी होती की तुझी? मी पाठ वळवली की तू पातेली दुरुस्त करत होतीस का? रोज? सगळी?

उत्तर काहीही असलं तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. तरी लिही.

थोरली